घडीवरची कमान

नवऱ्याने कमान एका हाताने उचलली तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. दोन माणसांच्या डोक्यांवरून जाणारी पोलादी कमान अशी भाजीच्या पिशवीसारखी उचलता येत नाही. पण शनिवारची दुपार होती, ऊन गॅरेजच्या दारातून आत येऊन निम्म्या फरशीवर आडवं झालं होतं, माझ्या दोन्ही हातांत चहाचे कप होते आणि डोकं कुठेतरी मागे रेंगाळत होतं. टेम्पोवाला गोणपाटात गुंडाळलेलं ते प्रकरण दाराशी टेकवून, सही घेऊन निघूनही गेला. नवऱ्याने सुतळी कापली, गोणपाट सोडलं, कमान उचलली, मागच्या बाजूने गाडीत उतरवली आणि म्हणाला, "बसली." खरंच बसली होती. त्याच्या सीटच्या मागे, दोन्ही पाय तळाच्या पत्र्यावर अगदी सपाट टेकवून. काळी, गुळगुळीत, एका खांद्याला ऐसपैस वळण, दुसऱ्या खांद्याला आखूड. आणि माझ्या सीटच्या मागे काहीच नव्हतं. तिथून थेट गॅरेजची भिंत दिसत होती, भिंतीवर लटकवलेले पाने, जुनं कॅलेंडर. मी दोन्ही कप बॉनेटवर ठेवले. एरवी तो बॉनेटवर कप ठेवू देत नाही, आज काही बोलला नाही. माझ्या डब्यातला शिवणाचा पांढरा खडू घेऊन तो तळावर भोकांच्या खुणा करत राहिला. पुढच्या रविवारी भोकं पाडू म्हणाला. मी हं म्हटलं, आणि चहा तिथेच निवला.

ही गाडी विकत मिळते तशी गाडी नाही. अकरा वर्षांपूर्वी ती चौदा खोक्यांतून आमच्याकडे आली, सुटी सुटी, सोबत एक जाडजूड पुस्तक आणि त्या पुस्तकात 'आता हे त्याला जोडा' असं वरचेवर सांगणारी चित्रं. जमिनीला पोट लागेल इतकी बुटकी, लांब नाकाची, दोन माणसांची. छप्पर नाही, दारं नाहीत. नवरा मशीन-मेकॅनिक, मी ज्या कपड्यांच्या कारखान्यात पॅटर्न कापते तिथलाच. शिलाईची शंभर-सव्वाशे मशिनं त्याच्या कानाला ओळखीची आहेत. कुठलं कुरकुरतंय ते तो जिन्यातूनच सांगतो. कारखान्यात भेटलो म्हणून आम्ही पहिल्यापासून एकमेकांना अरे-तुरे करतो. माझ्या नणंदेला ते कधी रुचलं नाही. ती या गाडीला माझी सवत म्हणते. घरी आली की आधी विचारणार, सवत कशी आहे, उभी राहिली का पायावर? मी म्हणते, चाकं लागलीत, पण नांदायचं अजून ठरत नाही. हसतो आम्ही. खरं म्हणजे मला ती कधी सवत वाटली नाही. अकरा वर्षं रविवारच्या रविवार मी त्या शेजारच्या सीटवर बसून आले आहे. आधी सीट नव्हती तेव्हा उलट्या बादलीवर, मग लाकडी फळीवर, मग खऱ्या सीटवर. मांडीवर नटबोल्टचा डबा. तो हात पसरायचा आणि मी न बघता बरोबर पाना त्याच्या हातात ठेवायची. संसारात आम्ही जे काही बोललो त्यातलं निम्मं त्या दोन सीटांमध्ये बोललो असू. उरलेलं निम्मं बोललोच नाही.

पिंजऱ्याचं मात्र तीन महिने चाललं होतं. गाडी उलटली तर माणूस तिच्याखाली चिरडला जाऊ नये म्हणून आत पोलादी पाइपांचा पिंजरा बसवतात, रोल केज. छप्पर नसलेल्या गाडीला तर दुसरा आधारच नाही. नवऱ्याने कॅटलॉग मागवले, रकाने पाडले, पाइपची जाडी, बिनजोड की जोडाचा, वेल्ड करायचा की बोल्टने कसायचा. सगळीकडून वेढणारा पूर्ण पिंजरा त्याला फार आवडला होता. पण त्यात शिरायचं तर अंगाची घडी करावी लागते आणि आमचे गुडघे आता ऐकत नाहीत. शिवाय हेल्मेट न घालता साध्या रस्त्यावर निघालो आणि कुणी मागून धडकलं, तर डोकं नेमकं त्याच पाइपावर आपटायचं. वाचवणाऱ्या वस्तूनेच मारायचं. शेवटी सीटांच्या मागे एक कमान आणि तिला मागून दोन तिरके टेकू, एवढ्यावर आलं. आता कमानी दोन तऱ्हांच्या. एक दोघांच्या डोक्यांवरून जाणारी, एक फक्त चालवणाऱ्याची. जेवणाच्या टेबलावर कॅटलॉग उघडा होता. त्याने पान माझ्याकडे फिरवून विचारलं होतं, "दोघांची घ्यायची ना?" हे मला स्पष्ट आठवतं. त्या वेळी मी भांडी घासत होते, माझी उजवी बाही कोपरापर्यंत भिजली होती आणि खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवर एक बाई उशा उन्हात मांडत होती, एकेक उशी थोपटून. मी तिच्याकडे बघत राहिले. उशा किती आहेत ते मोजत होते बहुतेक. मी हो म्हणाले असणार. पण ते तोंडाने म्हणाले की नुसतं मनात, हे आता कितीही आठवलं तरी आठवत नाही. अकरा उशा होत्या हे आठवतं.

शनिवारची दुपार तशीच ओसरली. रविवारी तो दिवसभर टेकूंच्या तळपट्ट्या घासत बसला. मी बाहेर कपडे वाळत घालताना कानोसा घेत होते. आता विचारेल, आता म्हणेल, अगं, हे काय, तुझ्या बाजूला तर काहीच नाही. एवढं एक वाक्य. ज्या माणसाला जिन्यातून मशीनची कुरकुर ऐकू येते त्याला अर्धी गाडी उघडी पडलेली दिसत नाही, हे कसं शक्य आहे? दिसत होतं. कमान घातल्यावर त्याने एकदाही त्या बाजूला बघितलं नाही, त्यावरूनच कळत होतं की दिसतंय. मला आधी नवल वाटलं, मग राग आला, आणि संध्याकाळी कपडे घडी करताना त्या रागाखाली दुसरं काहीतरी हाताला लागलं, जुनं, गार. ते मी ओळखलं. त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

तेव्हा आमच्याकडे एक छोटी बंद गाडी होती, चौथ्या हाताची. सकाळची वेळ, वळणावर सांडलेली खडी. चाकं सरकली, आणि मग काहीतरी फार सावकाश झालं, कुणीतरी हळूच पान उलटावं तसं. जग उलटं झालं की आधी आवाज जातो. मी पट्ट्यात लटकलेली होते. अंबाडा सुटून केस छताला लागत होते, आणि छतावर, म्हणजे खाली, माझ्या पर्समधल्या वस्तू पडलेल्या होत्या, कंगवा, बसचं तिकीट, टाचण्यांची डबी. डबी उघडली होती आणि टाचण्या छताच्या कापडात उभ्या रुतल्या होत्या. त्या मला फार सुबक दिसल्या. कुठेही दुखत नव्हतं. एक चाक अजून फिरत होतं, त्याची सावली माझ्या हातावरून जात-येत होती. नवरा त्याच्या बाजूच्या खिडकीतून सरपटत बाहेर पडला. त्याचे बूट मला दिसले. रस्ता वर होता आणि आभाळ खाली, त्यामुळे ते बूट छताला चिकटून चालल्यासारखे दिसत होते. डाव्या बुटाची नाडी सुटली होती. बूट माझ्या बाजूला आले नाहीत. ते रस्त्याने पुढे चालू लागले, एक, दोन, तीन, पुढे पुढे, आणि छोटे होत गेले. धावत नव्हते. चालत होते. थांबले नाहीत, वळले नाहीत. मग खूप वेळाने, म्हणजे मिनिटभराने असेल, ते पुन्हा मोठे होत आले आणि त्यांच्याबरोबर आणखी चार बूट होते, आणि सगळा आवाज एकदम परत आला. मला बाहेर काढलं. एक ओरखडासुद्धा नव्हता.

तो मदत आणायला गेला होता. सगळ्यांना आम्ही तेच सांगितलं आणि ते खरंच होतं. नणंद तर अजून रंगवून सांगते, दादा असा धावत सुटला, असा धावत सुटला, की दोघा बागवानांना हाताला धरून घेऊन आला. मी तिथे बसून मान हलवते. धावत नव्हता हे फक्त मला माहीत आहे. बायको उलटी लटकलेली असताना माणूस आधी वाकून तिच्याकडे बघतो की नाही? की आधी चालायला लागतो? हा प्रश्न मी त्याला कधी विचारला नाही. विचारण्यासारखं काय होतं, जिवंत होते, धडधाकट होते. आणि सगळं खरं सांगायचं तर मीही त्याला हाक मारली नव्हती. आवाज होता की माझ्याकडे. मी बूट बघत राहिले. आपोआप वळतायत का, तेवढंच मला बघायचं होतं.

सोमवारी, मंगळवारी मी कारखान्यात कापत राहिले. आमची कापायची खोली वरच्या मजल्यावर आहे, लांबच लांब टेबलं, उत्तरेकडून येणारा सपाट उजेड, त्यात कुणाचीच सावली धड पडत नाही. मला ती खोली आवडते. खाकी कागदावर कात्री फिरायला लागली की माणसाला स्वतःचं ऐकू येत नाही. पण त्या दोन दिवसांत मला जिकडेतिकडे अर्धंच दिसत होतं. अर्धी खिडकी उघडी, अर्ध्या टेबलावर कापड. रस्त्याने येताना स्कूटरवर एकटी माणसं दिसली की त्यांच्या मागच्या रिकाम्या जागेकडेच लक्ष जायचं. पन्नाशी उलटलेल्या बाईने एवढं मनाला लावून घ्यावं का, असं मी स्वतःला दटावलं. त्याने दोघांची कमान रद्द करून एकट्याची मागवली असणार, एवढाच त्याचा अर्थ. बरोबर आहे. मी नाही बसणार म्हणून समजला असेल. किंवा बसले तरी. त्या 'किंवा'पाशी येऊन कात्री थांबायची. बुधवारी सकाळी ती तशीच थांबलेली असताना आमची कॉलरवाली माझ्या टेबलाशी आली. ती बावीस वर्षं फक्त कॉलरी बेततेय, माणसाकडे बघताना आधी मानेकडे बघते. माझ्यासमोर शर्टाच्या पाठीचा कागद होता. तिने त्यावर बोट ठेवलं आणि सहज म्हणाली, "आज लिहिलं नाहीस गं घडीवर म्हणून. तुझं कधी राहत नाही."

आमच्या धंद्यात जी वस्तू दोन्ही बाजूंनी सारखी असते तिचा पूर्ण कागद कुणी कापत नाही. शर्टाची पाठ घ्या. अर्धीच पाठ काढायची. मध्यावर एक सरळ रेघ, तिच्या दोन्ही टोकांना आत वळलेले बाण, आणि शेजारी लिहायचं: घडीवर. कापड दुमडायचं, ती रेघ दुमडीवर ठेवायची, कापायचं, उलगडायचं, पूर्ण पाठ तयार. त्या रेघेवर कात्री चालवायची नसते. ती रेघ म्हणजे कड नव्हे, पलीकडे अजून तेवढंच आहे, एवढं सांगायला ती असते. एकोणतीस वर्षं मी ही रेघ काढते आहे. आणि बाजारातली एकही तयार कमान आमच्या गाडीत बसेना, कारण पेट्रोलच्या टाकीसाठी नवऱ्याने मागची जागा अरुंद केली होती, तेव्हा मापाप्रमाणे पाइप वाकवून देणाऱ्या पाइपवाल्यासाठी कमानीचा कागद काढला तो मीच. कौतुकाने काढला. नवऱ्याला हेल्मेट घालून सीटवर बसवलं, मागे पुठ्ठा धरला, खांद्यापासून, कानापासून मापं घेतली. दोन्ही बाजू सारख्याच, म्हणून हाताच्या सवयीने अर्धाच कागद काढला. मध्यावर सरळ रेघ, दोन बाण. तो कागद मला त्या सपाट उजेडात डोळ्यांपुढे जसाच्या तसा दिसला. कोपऱ्यात गाडीचं नाव, पाइपची जाडी, तारीख. रेघेच्या शेजारी कोरं.

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून मी पाइपवाल्याला फोन केला. तो बिचारा मशीन बंद करून बोलला. म्हणाला, ताई, तुम्ही रेघ काढली होती, बाण काढले होते, मी रेघेला कड समजून तिथेच पाइप खाली उतरवला. एकट्याची दिसते म्हटलं. मी म्हटलं, चूक माझी आहे, तुमची नाही. त्याला हायसं वाटलं असावं, कारण मग तो मोकळेपणाने पुढचं बोलला. "तरी मला शंका आली होती. म्हणून मी तुमच्या साहेबांना बोलावून कागद दाखवला. त्यांनी बराच वेळ हातात धरला होता. मग म्हणाले, तिने काढलंय ना, मग तसंच करा."

मी जिन्यात बसले. खाली मशिनं चालू होती, पायरीतून त्यांची थरथर अंगात येत होती. म्हणजे टेम्पो यायच्या कितीतरी आधीपासून त्याला माहीत होतं. आणि त्याला घडी कळत नाही असं कसं म्हणू? माझ्या टेबलाशेजारी उभा राहून त्याने हजार वेळा बघितली आहे. मग तो गप्प का बसला हे मला कळेना, आणि त्याहून वाईट म्हणजे मी ते दोन शब्द का लिहिले नाहीत तेही कळेना. विसरले, असं म्हणता येतं. कॉलरवाली म्हणाली तसं माझं कधी राहत नाही. झोपेतसुद्धा मी घडीवर लिहीन. हाताला काही ठाऊक होतं का? टेबलावर वाकून मी ती रेघ काढत होते तेव्हा माझ्या मनात काय होतं? आठवून बघितलं. बूट होते. कमान बनवायचीच ती उलटलेल्या गाडीसाठी. तिची मापं घेताना मी सारखी उलटीच लटकलेली होते, टाचण्या बघत, आणि लिहायची वेळ आली तेव्हा बूट दूर जात होते. मी त्यांच्याकडे बघत पेन्सिल खाली ठेवली असणार. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझी भीती वाटली.

रविवारी सकाळी त्याने ड्रिल मशीन काढलं. तळावर खडूच्या खुणा होत्या, पांढरे छोटे फुलीगोळे, एका बाजूलाच. एकदा तळाला भोकं पडली की झालं, तिथे दुसरी कमान पुन्हा तशीच पक्की बसत नाही, हे पुस्तकात ठळक अक्षरांत आहे. तो गुडघे टेकून बसला होता, पाठमोरा. त्याची पाठ मी किती वर्षं मापते आहे, अलीकडे डावा खांदा थोडा उतरला आहे, शर्टाला तिथे चिमूट घ्यावी लागते. मी माझ्या सीटवर जाऊन बसले. मांडीवर नटबोल्टचा डबा घेतला नाही. त्याने सवयीने मागे हात पसरला. हातात काही आलं नाही तेव्हा वळून बघितलं.

"ती कमान घडीवर होती," मी म्हटलं.

त्याने ड्रिल फरशीवर ठेवलं. मग म्हणाला, "मला तुझी घडी कळते. पण तू दर वेळी लिहितेस. कधी चुकत नाहीस. त्यावर लिहिलेलं नव्हतं."

"राहून गेलं."

"मला वाटलं, तू ठरवलंस." तो खडूच्या खुणांकडे बघत होता. "टेबलावर विचारलं तेव्हाही तू बोलली नव्हतीस. आणि मग हा कागद. म्हटलं, बरोबर आहे. माझ्या शेजारी तिने कशाला बसावं."

गॅरेजच्या दाराबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी ती दूर जाईपर्यंत ऐकली. आठवडाभर मी त्याची वाट बघत होते आणि तो माझी, तोही बरोबर त्याच जागेकडे न बघता. मला वाटत होतं त्याने मला वगळलं. त्याला वाटत होतं मी त्याला शिक्षा सुनावली, आणि तो ती नीट मापात बसवून, बोल्ट कसून भोगायला निघाला होता. हा माणूस असाच आहे. तक्रार करायची नाही, तळपट्ट्या घासायच्या. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम, आणि रागाचंच आधी तोंड फुटलं. मी म्हटलं, बरोबर का आहे, ते तुझ्या तोंडून ऐकायचंय. एकोणीस वर्षं झाली.

त्याने हात पुसले, एकेक बोट. "चाळीस पावलं," तो म्हणाला. "नंतर एकदा एकटाच जाऊन मोजली. मागे न बघता चाळीस पावलं गेलो होतो मी."

"मी बूट बघत होते."

"तुझा आवाज नव्हता," तो म्हणाला. "मला वाटलं, तू गेलीस. वाकून बघितलं असतं तर ते खरं झालं असतं. चालत राहिलो तोपर्यंत नव्हतं झालं."

तो खाली होता, मी सीटवर. मला काय वाटलं ते नीट सांगता येईल असं नाही. आतून काहीतरी सुटत गेलं, पट्टा सुटावा तसं, आणि सुटताना दुखलं. मी हाक मारली असती तर. त्याने वाकून बघितलं असतं तर. दोघांनीही आपापल्या बाजूने नेमकी अर्धी गोष्ट केली होती आणि ती उलगडायला कुणी आलं नव्हतं. क्षमा वगैरे मला जमत नाही, तो शब्दही मला जड वाटतो. मी डोळे पुसले आणि त्याला सांगितलं, "पुढच्या वेळी मी असले काय, नसले काय, आधी वाकून बघायचं. मग मदत."

"बरं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "आणि तू हाक मार."

मीही बरं म्हटलं. 'पुढच्या वेळी' म्हणजे काय, असं दोघांच्याही डोक्यात एकदमच आलं असावं, कारण तो हसला, आणि मग मलाही हसू आवरेना.

त्याच दुपारी मी जेवणाच्या टेबलावर खाकी कागद पसरला. या खेपेला घडी घातली नाही, दोन्ही बाजू काढल्या, पूर्ण. कारखान्यात असं केलं असतं तर मला नवशिकी म्हणून हसले असते. माझ्या बाजूची मापं आधी कधी घेतलीच नव्हती, दोन्ही बाजू सारख्या म्हणून सोडून दिली होती. आता हेल्मेट घालून मी सीटवर बसले. हेल्मेटच्या आत माझाच श्वास मोठा ऐकू येत होता आणि गॅरेज लांब गेल्यासारखं वाटत होतं. कमान पुरेशी उंच आहे की नाही हे बघायची एक जुनी रीत आहे. झाडूचा दांडा कमानीच्या माथ्यावरून गाडीच्या नाकापर्यंत तिरका धरायचा आणि बसलेल्याचं हेल्मेट त्याच्याखाली राहतं का ते बघायचं. गाडी उलटली तर जमीन तिथपर्यंतच येणार. त्याने पुठ्ठ्याची कमान मागे उभी केली, दांडा ठेवला, माझ्या हेल्मेटवर बोटं आडवी धरली. त्याच्या हेल्मेटवर चार मावली होती, माझ्या हेल्मेटवर पाच. बसल्यावर मी त्याच्यापेक्षा बोटभर बुटकी भरते, हे सव्वीस वर्षांत आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. तो म्हणाला, कमान तेवढीच ठेवू, असू दे जास्त.

पाइपवाल्याने दुसरी कमान पंधरा दिवसांत दिली. ती घेऊन तो स्वतः आला आणि कागदावर चुकून काही राहिलंय का म्हणून तीनतीनदा विचारून गेला. ही उचलायला दोघं लागलो. पहिली आता मागच्या अंगणात भिंतीला लावली आहे, तिच्यावर ओल्या चादरी छान वाळतात. नणंद म्हणाली, सवतीची बांगडी का गं ही? भोकं पाडायला एक रविवार गेला, कसायला एक. कमानीच्या प्रत्येक पायाखाली एक पट्टी तळाच्या वरून आणि एक खालून, मध्ये पत्रा, असे बोल्ट जातात. वरून तो पाना फिरवत होता आणि मी गाडीखाली पाठीवर पडून नट धरत होते. खालून मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. पण त्याने वळसा दिला की माझ्या मनगटात कळत होतं, किती आवळलं, कधी थांबला. एकेक बोल्ट पत्र्यातून खाली यायचा आणि मी तो पकडायची. मला वाटतं त्या दोन तासांत मी जितकी सुखी होते तितकी आयुष्यात फार वेळा झाले नसेन. डोळ्यांत गंज पडत होता.

आज सकाळी आम्ही गाडी बाहेर काढली. फार लांब नाही, मागच्या रस्त्याने बंद गोदामांपर्यंत आणि परत. छप्पर नसलेल्या गाडीत जमिनीच्या इतकं जवळ बसलं की रस्ता हाताने कुरवाळता येईलसा वाटतो. झाडांच्या सावल्या नाकावरून चढायच्या, आमच्यावरून जायच्या आणि मागे कमानीवरून सांडायच्या. मागे बघायची गरज नव्हती, ती आहे हे मानेला कळत होतं. एका वळणावर थोडी खडी होती. त्याने वेग इतका कमी केला की मागची सायकल आम्हाला ओलांडून गेली.

गॅरेजसमोर येऊन त्याने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. इतक्या बुटक्या गाडीतून बाहेर पडणं सोपं नाही, एक पाय सीटवर, हात कमानीला, मग अंग उचलायचं. तो कण्हत कण्हत बाहेर पडला. मी पट्टा सोडला नाही. तशीच बसून राहिले, समोर बघत. त्याचे बूट फरशीवर वाजले, गॅरेजच्या दाराकडे न जाता गाडीच्या मागच्या अंगाने वळसा घालून माझ्या बाजूला आले. मी पावलं मोजली. सात झाली. तो कमानीला धरून वाकला आणि त्याने आत माझ्याकडे बघितलं.

"आहे मी," मी म्हटलं. "हात दे."